शहाळी, चेन प्रेयर आणि विसावा: एका घराचं प्रकरण

हे सगळं त्या घराला विचारूनच लिहितेय. वहिनीने दोनच अटी घातल्या, एक म्हणजे नावं टाकायची नाहीत आणि दुसरी, "आम्हाला संतबिंत करून ठेवू नका." म्हणून नावं नाहीत. मी तिला वहिनी म्हणते, तिच्या नवऱ्याला दादा, आणि सासूला आख्खी मंडळीच, म्हणजे आमचं चर्च, आजी म्हणते. मी आमच्या मराठी मंडळीच्या महिला मंडळात आहे, बुधवारची घरप्रार्थना माझ्याकडे असते, आणि या प्रकरणात ज्या चुका झाल्या त्यातल्या निम्म्या तरी माझ्या आहेत, हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर लपवायला नको.

घर विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगर, म्हाडाची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दादा पन्नाशीचे, एका कंपनीत गाडी चालवायचे. शुगर पंधरा वर्षांची, बीपी पण, गोळ्या कधी घेतल्या कधी राहिल्या, आणि दोन वर्षांपूर्वी पाय सुजायला लागले, चेहरा सकाळी फुगलेला, जेवण नकोसं. रिपोर्ट आला तेव्हा किडन्या जवळजवळ गेलेल्याच होत्या. शुगरने हेच होतं, किडनी आतल्या आत खराब होत राहते आणि बराच काळ काहीच दुखत नाही. मग हातात फिस्टुला केला, म्हणजे शीर आणि धमनी ऑपरेशन करून जोडतात म्हणजे जाड सुया जातील एवढी ती फुगते, आणि डायलिसिस सुरू झालं. मंगळ, गुरू, शनि. घाटकोपरला एका ट्रस्टचं सेंटर, सकाळी सातची शिफ्ट, चार तास मशीनवर.

वहिनी घरात फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. मुलगा बारावीला. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, नगर जिल्ह्यातल्या, गुडघे गेलेले पण जीभ शाबूत.

लोकांना डायलिसिस म्हणजे चार तासांचं काम वाटतं. खरं काम उरलेल्या वेळेत असतं. लघवी जवळजवळ होतच नाही त्यामुळे जे पाणी पोटात जाईल ते अंगातच साठतं, म्हणून दिवसभरात चहा-आमटी धरून लिटरच्या आत सगळं बसवायचं. वहिनीने एक बाटली ठेवली होती, दादा जेवढं पाणी पितील तेवढं त्या बाटलीतून कमी करायचं. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून केळं नाही, बटाटा-पालेभाजी उकडून पाणी टाकून मग फोडणीला, मीठ नावाला. आजीची भाजी वेगळी, मुलाची वेगळी, दादांची वेगळी. रोज सकाळी वजनकाटा. दर खेपेला तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं, रिक्षा, आणि परत येताना बीपी पडलेलं असायचं तर दर मजल्यावर स्टूल टाकून बसवायचं. ते स्टूल वहिनी स्वतः घेऊन चढायची.

आम्ही काय केलं

प्रेमापोटी आम्ही शहाळी नेली. पहिल्या आठवड्यात त्या घरात सात शहाळी जमली होती, त्यातली दोन माझी. आजारी माणसाला शहाळं न्यायचं ही आपली रीतच आहे, पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, वर ते पाणीच, म्हणजे त्या माणसासाठी दोन्हीकडून विषच म्हणा ना. वहिनी प्रत्येकाला थँक्यू म्हणायची, ठेवून घ्यायची, आणि दादा त्या ओळीने मांडलेल्या शहाळ्यांकडे बघत बसायचे. तहान कशी असते ते डायलिसिसच्या पेशंटला विचारा. दादा बर्फाचा खडा चघळायचे. एकदा म्हणाले, "आख्ख्या बायबलमध्ये मला आत्ता एकच वचन कळतंय, वधस्तंभावरचं, मला तहान लागली आहे." मी म्हटलं, दादा, तेविसावं स्तोत्र म्हणूया ना, तो मला संथ पाण्यावर नेतो. ते माझ्याकडे असं बघायला लागले की मी पुढची ओळ म्हटलीच नाही.

आमच्या प्रार्थनांचंही त्या शहाळ्यांसारखंच झालं. आणलं प्रेमाने, पण समोरच्याचं शरीर काय पेलू शकतं ते कुणी विचारलं नाही.

एकवीस दिवसांची चेन प्रेयर ठेवली. चोवीस तास, प्रत्येकाला एक तास, आपला तास संपला की पुढच्याला फोन करून उठवायचं. पहाटे चार ते पाच कुणीच घेईना तेव्हा मी, होय मीच, वहिनीला म्हटलं, तू घे ना, डायलिसिसच्या दिवशी तशीही तू उठलेलीच असतेस. तिने हो म्हटलं. ती नाही कुठे म्हणणार होती, विषय तिच्याच घरचा होता. त्यात शुक्रवारी उपास. त्यात रविवारी उपासनेत साक्ष द्यायला तिला उभं करायचो, आणि साक्षीत काय बोलायचं हे न सांगता ठरलेलं असतं, परीक्षा आहे पण देव चांगला आहे. एकदा तिला चक्कर आली, खांब धरून उभी राहिली, आणि तरी वाक्य पूर्ण केलं. आम्ही आमेन म्हटलं.

एक भाऊ घरी जाऊन म्हणाले की घरात काही लपलेलं पाप आहे का ते तपासा. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र तरी सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले होते आणि मग तोंड उघडलं. आमचे हे भाऊ चहा येईपर्यंत पण थांबले नाहीत.

सोळाव्या दिवशी पहाटे साखळी तुटली. वहिनीला उठवायला फोन गेला, तिने उचलला, हॅलो म्हटलं आणि फोन कानाशी धरून तशीच झोपली. पाचच्या बहिणीला कुणी उठवलंच नाही, आणि ग्रुपवर सकाळी सकाळी मेसेज सुरू झाले. वहिनी दुपारी माझ्याकडे आली आणि दारातच रडायला लागली, "काकू, माझ्यामुळे तुटली, आता ह्यांना काही झालं तर?" तिच्या डोक्यात हे बसलं होतं की दादांचा जीव तिच्या जागण्यावर टांगलाय. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं? कुणी एकाने नाही. सगळ्यांनी थोडं थोडं.

पाळकसाहेबांचं एक महिन्याचं फर्मान

मी पाळकसाहेबांना, आमच्या चर्चच्या पास्टरांना, घेऊन गेले. मला वाटलं समजूत घालतील, हात ठेवून प्रार्थना करतील. त्यांनी बायबल उघडून पहिलं राजे एकोणिसावा अध्याय काढला आणि नुसता वाचला. एलीया संदेष्टा, नुकतंच कर्मेल डोंगरावर देवाचं एवढं मोठं काम करून आलेला, आणि आता रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो की पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला काय उत्तर दिलं? आधी काहीच नाही. तो झोपला. देवदूताने हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे केलं, तो जेवला आणि परत झोपला. परत उठवलं, परत खायला दिलं. मग चाळीस दिवस चालून होरेब डोंगर, मग वारा, भूकंप, अग्नी, आणि मग ती मंद वाणी. पाळकसाहेब म्हणाले, "देवाने आधी झोपू दिलंय, दोनदा. प्रश्न नंतर विचारलाय. एक महिना तू प्रार्थना करायची नाहीस. उपास नाही, साक्ष नाही. आम्ही करू. तू झोप."

वहिनी घाबरलीच. विश्वासातल्या माणसाला प्रार्थना करू नको म्हणणं म्हणजे काय! मला पण ते पटलं नव्हतं, खरं सांगते. मग ते मार्क दोनमधल्या पक्षाघाती माणसाबद्दल बोलले, ज्याला चौघांनी छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडला. तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला, म्हणजे उचलणाऱ्यांचाही. खाटेवरच्याने काही म्हटल्याचं लिहिलेलंच नाही.

तर आम्ही चार बायका झालो. मंगळ-गुरू-शनि आळीपाळीने दादांबरोबर सेंटरला जायचं, स्टूलही आम्हीच न्यायचं. एकीने भाजीचं गणित शिकून घेतलं. चेन प्रेयर चालूच राहिली पण वहिनीचं नाव काढलं, पहाटे चारचा तास मी घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मी तिच्यावर काय लादलं होतं.

वहिनी झोपली. पहिल्या गुरुवारी सकाळी सहा ते दुपारी एक. आजी म्हणाल्या, कूस पण बदलली नाही. शिलाईच्या ऑर्डरी लेट झाल्या, गिऱ्हाईकं ओरडली.

झोप झाली आणि राग आला

इथपर्यंत गोष्ट गोड आहे, आणि इथेच संपवली असती तर साक्ष म्हणून छान झाली असती. पण झोप पुरी झाल्यावर वहिनीला शांती नाही मिळाली, राग आला. इतके दिवस रागवायला पण अंगात ताकद नव्हती. ती तीन रविवार उपासनेला आली नाही. मी गेले तर म्हणाली, "काकू, मी सध्या अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचते, तेवढंच."

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांमध्ये रडून झालं की शेवटी बहुतेक वेळा आशेकडे वळण येतं. अठ्ठ्याऐंशीत येत नाही. स्तोत्र लिहिणारा देवाला, तू माझी माणसं माझ्यापासून दूर केलीस म्हणतो, आणि संपतं. मूळ हिब्रूत शेवटचा शब्द अंधार आहे. आम्हा बायकांना वाटलं ही आता विश्वासातून गेली. एकीने सुचवलं की तिला एक्याण्णवावं, देव सांभाळतो म्हणणारं स्तोत्र, पाठव, रोज, व्हॉट्सअॅपवर. सुदैवाने पाळकसाहेबांनी हाणून पाडलं. म्हणाले, ती भांडतेय ना, पण भांडतेय कुणाशी? तो घरातच आहे असं धरूनच भांडतेय ना?

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. देवाच्या सान्निध्यात विसावा म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे मेणबत्ती, मिटलेले डोळे आणि मंद पेटी येते. वहिनीचा विसावा सुरू झाला तो झोपेने, मग तो भांडणावर गेला, आणि ते भांडण मध्येच थांबवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पावसाळा आला. जुलैत एका शनिवारी कुर्ला-सायनला ट्रॅकवर पाणी, गाड्या बंद, सेंटरवर टेक्निशियनच पोचले नाहीत, शिफ्ट रद्द. गुरुवारनंतर डायलिसिसच नाही, अंगात पाणी साठत गेलं आणि रविवारी रात्री दादांना आडवं होता येईना. आडवं झालं की श्वास कोंडायचा. खिडकीशी खुर्चीत बसवून, पुढे टेबलावर उशी, त्या उशीवर डोकं. एकशेआठला फोन केला तर गाडी यायला वेळ होता. बाहेर पाऊस, लाइट गेलेली. वहिनी नंतर म्हणाली की त्या रात्री मागायला काही सुचलंच नाही, ना वचन आठवलं ना रडू आलं, नुसती ह्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, आणि कुणीतरी बसलंय आपल्याबरोबर असं वाटलं, बस एवढंच. "मोठं काही नाही हं काकू, लिहिताना वाढवू नका." वाढवत नाही. गाडी आली, रात्रीत इमर्जन्सी डायलिसिस झालं, मशीनने साडेतीन लिटर पाणी काढलं, सकाळी दादा आडवे झोपले.

आजींचं स्पष्टीकरण

ऑगस्टमध्ये बुधवारची घरप्रार्थना त्यांच्याकडे ठेवली, वहिनीनेच बोलावलं. वाचनाला एकशे एकतिसावं स्तोत्र होतं, अगदी छोटं, तीनच वचनं. त्यात म्हटलंय की दूध तुटलेलं मूल जसं आपल्या आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्यात शांत आहे. मी आपली नेहमीची सुरुवात केली, की बघा बाळ आईच्या कुशीत कसं निवांत असतं वगैरे.

आजी कॉटवरून म्हणाल्या, "अगं, कुशीतलं न्हवं ते. दूध तोडल्यालं."

मी थांबले. आजी म्हणाल्या, "तू कधी तोडलंस का दूध? आम्ही कडुलिंबाचा पाला वाटून लावायचो अंगाला. पोर येतं, तोंड लावतं, कडू लागतं, आन् मग जे रडतं! आईच वैरीण झाली असं बघतं. तीन रात्री डोळ्याला डोळा नाय. आईला पण रडू येतं, पण ती काय द्यायची नाय. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ते पोर येतं आन् मांडीवर बसतं. पदर ओढत नाय. काय मागत नाय. आई पायजे म्हणून बसतं."

खोलीत कुणीच बोललं नाही. वहिनी शिलाई मशीनवर नव्हती पण हातात कुणाच्या तरी साडीचा फॉल होता, हातशिलाई चालू होती. मान वर न करता म्हणाली, "मग माझ्या तीन रात्री झाल्या असतील का हो, आई?"

"कुणाच्या तीन असत्यात," आजी म्हणाल्या, "कुणाच्या तेरा. मोजायचं काय त्यात."

मी चाळीस वर्षं हे स्तोत्र वाचतेय, आणि अंगावर पिणारं बाळच डोळ्यापुढे आणत होते. पिणारं बाळ आईजवळ येतं ते दुधासाठी. आम्ही चेन प्रेयरमध्ये तेच केलं होतं, देवाजवळ गेलो ते बरं करून घ्यायला, आणि त्यात चूक काही नाही, मागायला त्यानेच सांगितलंय. पण दादा बरे झाले नाहीत. डायलिसिस किडनीला बरं करत नाही, ते फक्त किडनीचं काम तात्पुरतं करतं, दोन दिवसांनी परत जायचंच असतं. म्हणजे या घराला दूध मिळालेलं नाही, आणि तरी हे घर मांडीवर येऊन बसलंय. हे मी वहिनीला बोलून दाखवलं नाही, तिला आवडलं नसतं.

ते एकशे एकतिसावं स्तोत्र आरोहण-स्तोत्रांपैकी आहे, एकशेवीस ते एकशेचौतीस, यरुशलेमला चालत जाताना म्हणायची गाणी. म्हणजे वाटेवरची. आपल्याकडे विसावा हा शब्द पण वाटेवरचाच ना. पालखीचा रात्रीचा तो मुक्काम, आणि मधे दुपारी टेकतात तो विसावा. आजींच्या माहेरावरून त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तीनाथांची पालखी जाते, दिंडीला पाणी पाजलेलं त्यांना आठवतं. मराठी बायबलमध्ये मत्तय अकरात येशू कष्टी आणि भाराक्रांत लोकांना म्हणतो, माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो, माझं जू आपणांवर घ्या. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं, एका हाताने ओझं काढतो आणि दुसऱ्या हाताने जू ठेवतो. पण विसाव्यानंतर चालायचं असतंच. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये इथे मुंबईतच झाला, आणि ते म्हणायचे की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. आपल्या मराठी ख्रिस्ती बायकांना हा शब्द त्या पुलावरूनच मिळाला असं मला आपलं वाटतं.

आत्ताची स्थिती

वहिनी किडनी द्यायला तयार होती, पण तपासणीत तिचीच शुगर बॉर्डरच्या वर निघाली, डॉक्टरांनी नाही म्हटलं. आजींच्या वयाचा प्रश्नच नाही. दादांचं नाव मुंबईच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे दान केलेल्या अवयवांचं वाटप बघणाऱ्या संस्थेच्या, यादीत आहे, ब्रेनडेड माणसाच्या घरच्यांनी अवयवदान केलं तर मिळणारी किडनी, नंबर कधी लागेल सांगता येत नाही. मुलगा बारावी पास झाला. चेन प्रेयर बंद केली, बायकांची पाळी चालू ठेवली. मंगळवार मात्र वहिनी स्वतः जाते, हट्टाने.

मी अधूनमधून तिच्याबरोबर बसते. मशीनचा आवाज, मधेच कुणाच्या तरी मशीनचा अलार्म, एसीमुळे सगळे पेशंट चादरीत. सुई टोचताना टेक्निशियन पोरगा रोज म्हणतो, "काका, हात ढिला सोडा." पाळकसाहेबांनी एकदा शास्त्राभ्यासात सांगितलं होतं की शेचाळिसाव्या स्तोत्रात शांत राहा म्हटलंय तिथे मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ हात ढिले सोडणं, धरलेलं सोडून देणं असा पण निघतो. हे मी दादांना सांगितलं तर म्हणाले, "मग तो पोरगा आठवड्यातून तीनदा मला स्तोत्र सांगतो." चार तास वहिनी काही वाचत नाही, प्रार्थना पण करताना दिसत नाही. फॉल लावते. मधेच दादांच्या पायात गोळा आला तर उठून पाय चोळते आणि परत बसते. मी विचारलं, मनात काय चालतं गं? म्हणाली, "काही नाही. बसलेय."

गेल्या मंगळवारी संडे स्कूलची नवी टीचर भेटायला आली, लग्न होऊन नुकतीच आमच्या मंडळीत आलीय, बिचारी विक्रोळी स्टेशनबाहेरून दोन शहाळी उचलून लोकलमधून घेऊन आली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीने माझा हात दाबला, शहाळी घेतली, थँक्यू म्हटलं, तिला दादांशी बोलायला बसवलं. ती गेल्यावर वहिनी मला बाहेरच्या बाकावर घेऊन आली, दादांना दिसणार नाही अशा बाजूला, आणि एक शहाळं माझ्या हातात दिलं.

"प्या, काकू," म्हणाली, "अजून दीड तास आहे."